चौथ्या पातळीची मुलगी

पोरांना वाचायला शिकवण्याचा धंदा करणारे लोक मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. तीन महिन्यांत मूल घडाघडा वाचू लागेल असं छापणाऱ्याने एकदा माझ्या घरी येऊन माझ्या थोरलीसमोर बसावं. तीन महिने राहू द्या, तीन सकाळी टिकून दाखवावं.

थोरली नऊ वर्षांची, धाकटी सहाची. दोघी घरीच शिकतात. थोरली दोन वर्षं शाळेत गेली आणि दुसऱ्या वर्षी रोज सकाळी बूट घालताना ओकायला लागली. डॉक्टर म्हणाले, पोट चांगलं आहे. शाळा म्हणाली, लाड कमी करा. मी म्हणालो, खड्ड्यात गेली तुमची शाळा, आणि पोरीला घरी आणलं. धाकटीला मग पाठवलंच नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. माझी पाळी दुपारी दोनला सुरू होते. बायको नर्स आहे, ती पहाटे जाते आणि दीडला परत येते. म्हणजे सकाळ माझी आणि शिकवणंही माझंच. दहावीनंतर शाळेचं तोंड न बघितलेला माणूस पोरी शिकवणार, हे ऐकून माझी मोठी बहीण, अक्का, पोट धरून हसली होती. अक्का त्याच शाळेत शिक्षिका आहे.

गणित ठीक चाललं होतं. वाचनाचं गाडं मात्र जागचं हलेना. मी याचं एक पान, त्याचं एक पान असं काहीबाही शिकवत होतो. शेवटी एका शुक्रवारी बायकोने डबा धुता धुता निकाल दिला.

"पुढच्या रविवारपर्यंत वाचनाचा एक अभ्यासक्रम ठरव. एकच. नाही ठरला, तर दोघींचे शाळेचे अर्ज मी भरते. आणि त्या रविवारी वन्संना बोलावलंय. त्या थोरलीचं वाचन बघतील."

"अक्काला कशाला मध्ये?"

"कारण तुला विचारलं तर तू म्हणणार, छान चाललंय."

थोरलीने हे दाराआडून ऐकलं. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत जेवली नाही.

मी तीन अभ्यासक्रम आणले. पहिला टॅबलेटवरचा, आठवडाभर फुकट. त्यात एक पोपट होता. उत्तर बरोबर आलं की पोपट किंचाळायचा आणि चांदण्या उडायच्या. दुसरा अभ्यासक्रम म्हणजे मोठा खोका, ओळखीच्या एका बाईने बघायला दिलेला. गुळगुळीत पानांची चाळीस पुस्तकं, प्रत्येक पानभर चित्र आणि खाली एक ओळ. तिसरा वाचनालयातून मिळाला. कुणा निवृत्त बाईंनी पदरमोड करून छापलेली सहा पुस्तकं. राखाडी पुठ्ठा, जाड अक्षर, चित्र औषधालाही नाही. पोरींनी ती पुस्तकं बघून नाकं मुरडली. मीही मुरडलं.

तिन्हींच्या सुरुवातीला चाचणी होती. मूल कुठवर आलंय ते बघून कोणत्या पातळीपासून सुरू करायचं ते ती सांगते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी थोरलीच्या समोर बसलो आणि एकेक चाचणी घेतली. पोपटाने सांगितलं, चौथी पातळी. खोक्याने सांगितलं, स्वतंत्र वाचक. राखाडी पुस्तकांच्या हिशेबानेही चौथं पुस्तक.

मी फुगलो. खोटं कशाला बोलू? सोमवारी फुगलो आणि मंगळवारी पाळीभर लिफ्टच्या खड्ड्यात शीळ घालत काम केलं. रविवारी अक्काचा चेहरा कसा होईल, तेही मनात रंगवून झालं.

पण चौथ्या पातळीचे धडे काही पुढे सरकेनात. पोपटाकडे ती एकटी बसली की पडद्यावरच्या चारही उत्तरांवर बोटं आपटायची, एखादं लागायचं, पोपट किंचाळायचा. मी म्हटलं, पोपट बाद. खोक्यातलं पुस्तक वाचताना चित्रात होडी असली की ती 'होडी' म्हणायची, खाली छापलेलं असायचं 'नौका'. मी म्हटलं, खोका बाद. दोष अभ्यासक्रमात आहे यावर मी ठाम होतो. पोर तर चौथ्या पातळीची होती ना!

बुधवारी सकाळी राखाडी चौथं पुस्तक काढलं. थोरली समोर, धाकटी तिच्या शेजारी पाव कुरतडत. थोरली अडखळत का होईना, एक ओळ वाचून गेली. मी मान डोलावली.

"बाबा, ताई फसवते," धाकटी म्हणाली.

"चहाड्या नकोत."

"चहाडी नाही. ती पुस्तकातलं वाचतच नाही. तुझ्या तोंडातलं वाचते."

"म्हणजे काय?"

धाकटीने ओठांचा चंबू केला. "तू असं करतोस. मग ती पू म्हणते. मग तू जीभ वर नेतोस. मग ती पूल म्हणते."

थोरलीने टेबलाखालून तिला लाथ घातली. त्या लाथेनेच मला उत्तर दिलं.

मी उठलो, बेसिनशी गेलो आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो. म्हटलं, "आता पुढची ओळ वाच."

मागून काही आलं नाही. खूप वेळ काही आलं नाही. मग एक शब्द आला, चुकीचा. मग अंदाजाने दुसरा, तोही चुकीचा. पाच शब्दांच्या ओळीत तिने दोन बरोबर सांगितले, आणि त्यातला एक होता 'आणि'.

लिफ्टचा ब्रेक तपासताना आम्ही वजनं भरतो, लिफ्ट सोडतो आणि मागे होतो. कुणी हात लावायचा नसतो. हाताने धरून ठेवलेला ब्रेक दर वेळी पास होतो, आणि मग एखाद्या दिवशी आत माणसं असताना तुमचा हात तिथे नसतो. अठरा वर्षं मी नव्या लोकांना हे ओरडून सांगतोय. आणि घरी पोरीच्या तिन्ही चाचण्या माझ्याच तोंडाने पास करून फुगून बसलो होतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिलीपासून."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सगळे खूश व्हायचात."

मी तिचं शाळेचं प्रगतिपत्रक काढलं. वाचन: चांगले. त्याखाली शेरा होता: शिक्षकांकडे नीट लक्ष देते. देणारच! बिचारी दोन वर्षं जिवाच्या आकांताने त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होती, ओठ कुठे वळतात, भुवई कधी चढते. एवढी मेहनत त्या इमारतीत दुसऱ्या कुणी केली नसेल. आणि एकाही शहाण्याला दिसलं नाही, की ही पोर पुस्तकाकडे बघतच नाहीये. मलाही दिसलं नाही, म्हणून शिव्या तरी कोणाला देऊ?

अभ्यासक्रम तिथेच ठरला. राखाडी. त्यात अंदाज बांधायला चित्र नव्हतं, इशारा द्यायला पोपट नव्हता, आणि शिकवलेल्या अक्षरांपलीकडचा एकही शब्द नव्हता. वाचल्याशिवाय सुटकाच नव्हती. मी पहिलं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"हे धाकटीचं आहे," थोरली म्हणाली.

"तुझंही. दोघींचं."

"रविवारी आत्या येणारे."

"येऊ दे."

ती रडली. मी तिला रडू दिलं. मग आम्ही पाठीला पाठ लावून जमिनीवर बसलो, तिच्या मांडीवर पुस्तक, माझ्यासमोर भिंत. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. शनिवारी सहावं पान आलं. बायकोला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रविवारी बघू."

रविवारी अक्का आली ती तिसरीचा उतारा छापूनच. चहा झाला. थोरलीने स्वतः खुर्ची ओढली आणि बरोबर आपल्या समोर ठेवली. माझ्यासाठी. माझ्याकडे अशी बघत राहिली, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी नुसतं त्या खुर्चीत बसलो असतो, तर उतारा पार पडला असता. अक्का गप्प झाली असती, बायकोने अर्ज बाजूला ठेवले असते आणि पोरीची लाज राहिली असती. अगदी सोपं होतं.

मी बसलो नाही. म्हणालो, "अक्का, तो उतारा ठेव पिशवीत. तिला तो येत नाही."

"मग काय येतं?"

"पहिलं पुस्तक. पान सहापर्यंत."

"अरे, नऊ वर्षांची घोडी झाली आणि पहिलं पुस्तक? हे शिकवलंस तू वर्षभर?"

"वर्षभर मी काही शिकवलं नाही, कबूल. त्याआधी दोन वर्षं तुमच्याकडे होती. तुमच्या पत्रकात वाचन चांगलं आहे."

थोरलीचे कान लाल झाले होते. मी तिच्यापुढे उकिडवा बसलो.

"वाचायचं की नाही ते तू सांग. नको असेल तर नको. मी आईला सांगतो."

ती उठली. मग आत गेली. मला वाटलं, संपलं. ती राखाडी पुस्तक घेऊन बाहेर आली, माझी खुर्ची धरली आणि भिंतीकडे फिरवली.

"बस. इकडे बघायचं नाही."

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. मागून आवाज आला.

"वा... वारा. वारा आला."

मग थांबली. धाकटीच्या तोंडाशी आलेलं उत्तर कुणीतरी हाताने दाबलं.

"दार. दार वा... वाज... दार वाजलं."

"वन्सं," बायको हळूच म्हणाली, "ओठ मिटा."

"मी कुठे काय केलं?"

"हलवताय. मघापासून."

अक्का पंचवीस वर्षं शिकवते. किती पोरं तिच्या तोंडातून वाचून पुढच्या वर्गात गेली असतील, ते तिचं तिनेच मनात मांडलं असेल. मी वळून बघितलं नाही.

"मामा," थोरली म्हणाली. "मामा घा... घाब... घाबर..." इतका वेळ गेला, की माझ्याच जिभेला रग लागली. "घाबरला. मामा घाबरला!"

आणि ती हसली. वारा आला, दार वाजलं आणि मामासारखा मामा घाबरला, हे तिला आता कळलं होतं. कुणी सांगितलं म्हणून नाही.

"तीन वर्षं मागे आहे," अक्का म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

"आहे," बायको म्हणाली. "हाच अभ्यासक्रम राहू दे. आणि घरात कुणीही तिच्यासमोर बसायचं नाही. मीसुद्धा."

"पुरे आता, दमली असशील," अक्का थोरलीला म्हणाली.

"थांब ना आत्या. मामाचं पुढे काय झालं ते बघायचंय."

पान उलटल्याचा आवाज आला. सातव्या पानावर दोन नवी अक्षरं होती, ती मी तिला अजून शिकवली नव्हती. पहिल्याच शब्दाला ती अडली. ती स्वतःहून विचारेपर्यंत वळायचं नाही असं ठरवून मी दात आवळून भिंतीकडे बघत बसून राहिलो.