सर्वांत खालची बांधी

ठेकेदार टेकचंदनं भूमिपूजनाची कुदळ पुढे केली, पण दुलारीबाईंनी हात पदराबाहेर काढला नाही. मैदानात चुन्याच्या फक्कीनं सभागृहाची आखणी झाली होती. कोनशिलेवर त्यांच्या नवऱ्याचं, हुकुमचंदांचं नाव होतं. मुलगा लोकेंद्र घाम पुसत मांडवात पाहुण्यांची सरबराई करत होता. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आली होती आणि त्याची सारी भिस्त वडिलांच्या या स्मारकावर होती.

हुकुमचंद दवनीवाड्याहून शिकायला गेले, नगररचनाकार होऊन परतले आणि गोंदियाच्या कडेची ही अख्खी वस्ती त्यांनी आखली. तीही धानाच्या बांध्यांसारखी, बांध घातलेल्या खाचरांसारखी, पायरीपायरीनं उतरती. वरच्या गल्लीचं पाणी खालच्या गल्लीत, आणि शेवटी सगळं या मैदानात मुरायचं. मैदान मोकळं राहावं म्हणून ते जन्मभर भांडले, आणि आता त्यांच्याच नावानं लोक ते बुजवायला निघाले होते. दुलारीबाईंना रडू येत नव्हतं, संताप येत होता. पण भरल्या मांडवात पोटच्या पोराचं नाक कापायचं तरी कसं?

"माय, लोक पाहून राहिले," लोकेंद्र दबक्या आवाजात म्हणाला.

त्यांनी कुदळ घेतली. पूजेची जागा ओलांडून त्या मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या शामकलासमोर गेल्या. ती बिड्या वळायची. तिची गल्ली मैदानाच्याही खाली होती. तिला कुणी बोलावलेलं नव्हतं, नुसती बघायला आली होती.

"बांध फोडाच्या आधी खालच्याले इचारा लागते," दुलारीबाई म्हणाल्या. "तुहं घर खाली हाय. इथं बांधू का?"

मांडवातले निम्मे लोक धानवालेच. बांध फोडून पाणी खालच्याच्या शेतात सोडण्याआधी त्याला विचारायचं, हा रिवाज त्यांना सांगायला नको होता. शामकलानं टेकचंदकडे पाहिलं, मग लोकेंद्रकडे. उद्या तो निवडून आला, तर नळासाठी तिला त्याच्याच दारी जावं लागणार होतं.

"नोका बांधू, बाई," ती म्हणाली. "पानी घरात शिरन."

टेकचंद हसून सारवासारव करू लागला. लोकेंद्रनं पुढे येऊन आईच्या हातून कुदळ जवळजवळ हिसकलीच. त्यानं ती टेकचंदच्या हाती दिली, कुणाकडेही न पाहता आखणीपाशी गेला आणि पायानं फक्की पुसू लागला.