प्रतिष्ठित पंच

फाट्यावर कचरूभाऊंचं मत कुणाला विचारावं लागत नसे. ते न मागता मिळायचं. सकाळी सातला राजानंदच्या हॉटेलासमोरच्या बाकावर ते पेपर उघडून बसले, की देशाची अब्रू त्या बाकावर वाळत पडायची. पुढारी निवडून एका चिन्हावर येतात आणि नांदतात दुसऱ्याच्या घरी. कोर्टात आजा दावा लावतो आणि तारखेला नातू जातो. टीव्हीवाले बातमी सांगायची सोडून भांडणं लावतात. हे सगळं भाऊ वर्षानुवर्षं सांगत आले होते आणि खोटं काहीच नव्हतं. पण अलीकडे बोलता बोलता मध्येच थांबायचे, चष्मा काढून पुसत बसायचे. ऐकणाऱ्याच्या हातात मोबाइल असायचा आणि त्यात त्याचं स्वतःचं मत तयार असायचं. बोलून बोलून जीभ झिजली, फाटा होता तिथंच राहिला, असं ते हल्ली घरी बायकोला, द्वारकाबाईंना म्हणायचे. द्वारकाबाई म्हणायच्या, मंग बोलू नका, कोण आग्रह करून राह्यलं.

चौतीस वर्षं त्यांनी गावचं पोस्ट सांभाळलं होतं. वडीगोद्रीच्या अलीकडच्या सात गावांत त्यांच्या सहीला किंमत होती. मृत्युपत्रावर साक्षीदार कोण, तर कचरूभाऊ. म्हातारी जिवंत आहे असा दाखला कोण देणार, तर कचरूभाऊ. शिवाय जालन्याच्या एका दैनिकात त्यांची एकोणीस पत्रं छापून आली होती. प्रत्येकाखाली नाव आणि नावापुढं 'एक जागरूक नागरिक'. त्यातलं त्यांचं सगळ्यात आवडतं पत्र होतं 'साक्षीदार फितूर होतात म्हणून न्याय हरतो'. त्याच्या त्यांनी डझनभर झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या आणि घरी आलेल्या माणसाला चहाबरोबर एक प्रत द्यायची त्यांची रीत होती.

अशा माणसाकडे पोलीस ठाण्याचं लक्ष गेलं नसतं तरच नवल. कुठं चोरी झाली, कुठं काही सापडलं, तर पंचनामा करावा लागतो, आणि त्यावर दोन पंच लागतात, समोर उभं राहून पाहिलेले. गावात पंच व्हायला कुणी तयार नसतं, नसती कटकट म्हणून पोरं जीप बघताच गल्लीत शिरतात. भाऊ मात्र बाकावरच असायचे. कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलेलं असायचं, 'प्रतिष्ठित पंच नामे कचरू', आणि तो शब्द वाचून भाऊंना बरं वाटायचं. त्यापुढचं ते वाचत नसत. जमादार ओळखीचा, चहा झालेला, ऊन रणरणतं. त्यानं म्हणायचं, भाऊ, तुम्ही कशाला तिकडं येता, आम्ही बघितलंय ना. भाऊंनी खिशातलं पेन काढायचं. दुसरी सही हॉटेलवाल्या राजानंदची. असे अकरा पंचनामे त्या हॉटेलच्या टेबलावर झाले. पाण्याला जावं तसं हे चाललं होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं ना भाऊंना वाटलं, ना राजानंदला.

अकरावा आमिरचा.

पाच वर्षांपूर्वी फाट्यावर रास्ता रोको झाला. पुढाऱ्याचं भाषण झालं, घोषणा झाल्या आणि कुणीतरी एसटीची काच फोडली. ड्रायव्हरच्या डोक्याला आठ टाके पडले. कुणाच्या तरी मोबाइलमध्ये चित्र निघालं. त्यात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची तार भरून देणारा आमिर आपल्या दुकानापुढं पाना हातात घेऊन उभा दिसत होता. गर्दी बघायला दुकानातून बाहेर आला होता तो. ज्यांच्यामागं पुढारी होता त्यांची नावं एकेक करत गळाली, ज्याच्यामागं कुणी नव्हतं त्याचं राहिलं. दोन दिवसांनी जमादारानं टेबलावर कागद ठेवला. ज्यानं काच फोडली तो लोखंडी रॉड आमिरनं पंचांसमोर दुकानामागून काढून दिला, असं त्यात होतं. भाऊंनी सही केली. राजानंदनं केली. मोटारवाल्याच्या दुकानामागं रॉड सापडणार नाही तर काय सापडणार, हा प्रश्न इतकी मतं असलेल्या माणसाला त्या दिवशी पडला नाही.

आमिर तीन महिने आत राहिला आणि जामिनावर सुटला. खटला उभा राहायला पाच वर्षं लागली. तेवढ्यात राजानंद हार्टफेलनं गेला आणि पंचांत भाऊ एकटे उरले. तीनदा समन्स आलं, तीनदा भाऊ इस्त्रीचं धोतर नेसून तालुक्याला गेले. एकदा आरोपीचा वकील नव्हता, एकदा न्यायाधीश मॅडम रजेवर होत्या, एकदा वकिलांचा बहिष्कार होता. दुसऱ्या खेपेला वेळ जात नव्हता म्हणून त्यांनी सरकारी वकिलाला आपल्या त्या आवडत्या पत्राची प्रत दिली. वकिलानं ती वाचून फाइलीत ठेवली आणि म्हणाला, तुमच्यासारखे साक्षीदार पाहिजेत.

चौथी तारीख आली त्याच्या आदल्या दुपारी आमिरची आई रहिमुन्निसा घरी आली. भाऊ तिला पोस्टातल्या दिवसांपासून ओळखत होते. तिचा नवरा भिवंडीला लूमवर होता तेव्हा त्याची पत्रं भाऊच तिला वाचून दाखवायचे. मनीऑर्डरीच्या कागदावर भाऊ बोट ठेवतील तिथं ती अंगठा उठवायची. अंगठ्यावरची शाई ती पोस्टाच्या भिंतीला पुसायची आणि भाऊ दर वेळी रागवायचे.

द्वारकाबाईंनी पाट आणि पाणी दिलं. ती पाटावर न बसता उंबऱ्यापाशी बसली. आता ही रडणार, पदर पसरणार, असं भाऊंना वाटलं, आणि त्यासाठी त्यांनी मनात उत्तरही तयार ठेवलं होतं की कायदा कायद्याच्या वाटेनं जातो. पण ती रडली नाही.

"भाऊ, मी रदबदली कराया आले न्हाई," ती म्हणाली. "पोरगं पैल्या दिवसापासून म्हणून राह्यलं, अम्मी, मी काच फोडली न्हाई. पण कागदावर तुमची सही. मंग मी म्हणलं, भाऊ पाहिल्याबिगर सही करायचे न्हाईत. पाच वर्षं झाली, मी त्याला ताट वाढते पण त्याच्या तोंडाकडं पाहत न्हाई. वकील म्हणतो ह्या कागदाशिवाय केसमधी काई दम न्हाई. ते जाऊ द्या. मला एवढंच सांगा, त्यानं तुमच्यासमोर काढून दिलं का?"

भाऊंनी चष्मा काढून पुसायला घेतला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना सरळ मत नव्हे, माहिती विचारली होती. शेवटी ते म्हणाले, "उद्या कोर्टात सांगतो." स्वतःचाच आवाज त्यांना कुणा पुढाऱ्यासारखा वाटला. ती बरं म्हणाली आणि उठून गेली. पाणी तसंच राहिलं.

संध्याकाळी मुलगा कल्याण आला. तो त्याच पुढाऱ्याच्या मागं फिरत होता, ज्यानं तेव्हा रस्ता अडवला होता. तो पुढारी आता, ज्यांच्याविरुद्ध अडवला होता त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसत होता, आणि कल्याणला पंचायत समितीचं तिकीट मिळायची आशा होती. द्वारकाबाईंनी त्याला दुपारचं सगळं सांगितलं. तो वडिलांपुढं बसला आणि समजुतीनं बोलला, कारण पोरगा तसा वाईट नव्हता. "तात्या, कागदावर हाय ते बोला आन् मोकळे व्हा. तुम्ही फिरले तर लोक म्हणतील, कल्याणला मोहल्ल्याची मतं पाहिजेत म्हणून बापानं जबानी फिरवली. आन् ठाण्यावाले वेगळंच लचांड लावतील. आयुष्यभर कमावलेलं नाव एका दिवसात जाईल." भाऊंनी त्याला विचारलं की तुला खरं काय ते माहीत आहे का. कल्याण म्हणाला, माहीत करून काय करायचं. हे वाक्य बाकावर कुणी म्हटलं असतं तर भाऊंनी त्याच्यावर अर्धा तास घेतला असता. आता ते नुसते दमून गेले. भाकरी अर्धीच खाऊन ते आडवे झाले.

सकाळच्या एसटीनं ते तालुक्याला गेले. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली आमिर आईबरोबर उभा होता. पस्तिशीतच त्याचे केस विरळ झाले होते. त्यानं भाऊंना पाहून सलामासाठी हात कपाळाला लावला. तो नेहमीच लावायचा. जामिनावर सुटून आल्यावर महिन्याभरातच भाऊंच्या विहिरीवरची मोटार जळाली होती, तीही त्यानंच भरून दिली होती आणि पंचनाम्याचा एक शब्द काढला नव्हता. तेव्हा भाऊंना वाटलं होतं, मनात खोट आहे म्हणून गप्प आहे. आज लिंबाखाली त्यांना त्या विचाराची शिसारी आली.

अकराच्या सुमाराला पुकारा झाला. भाऊ पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ झाली. सरकारी वकिलानं पंचनामा दाखवला आणि सही कुणाची विचारलं. भाऊ म्हणाले, माझी. मजकूर बरोबर आहे ना, आरोपीनं तुमच्यासमोर रॉड काढून दिला ना, असं वकिलानं पुढचा कागद उलटता उलटता विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं.

नुसतं 'हो' म्हटलं की एकची एसटी मिळत होती. घरी ताजी भाकरी होती, नाव शाबूत होतं, कल्याणचं तिकीट होतं. भाऊंनी मागच्या बाकाकडं पाहिलं. रहिमुन्निसा त्यांच्याकडं टक लावून बसली होती, अंगठा कुठं उठवायचा ते विचारावं तशी.

"न्हाई," भाऊ म्हणाले. "मी तिथं गेल्तोच न्हाई. मी हॉटेलात बसेल होतो. सही तिथं केली."

वकिलाचा हात कागदावरच थांबला. मग त्यानं मॅडमची परवानगी मागितली, साक्षीदार फितूर झाला म्हणून आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची आहे. मॅडमनी होकारार्थी मान हलवली. तो शब्द भाऊंच्या कानावर पडला आणि कान तापले. पोलीस तुम्हाला दुकानामागं घेऊन गेले होते, हे खरं ना, आरोपीच्या आईनं तुम्हाला काल गाठलं, हे खरं ना, असं वकील एकामागून एक विचारत गेला. पहिल्याला भाऊ नाही म्हणाले, दुसऱ्याला हो म्हणाले. ती घरी आली होती, तिनं एकच गोष्ट विचारली, तीच तुम्ही विचारताय, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा वकिलानं फाइलीतून ती झेरॉक्स काढली.

"हे तुम्हीच लिहिलंय?"

"मीच."

"शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचा."

भाऊंनी चष्मा नीट केला. "कोणत्याही दडपणाला बळी पडून जबानी फिरवणारा साक्षीदार हा गुन्हेगाराहून मोठा गुन्हेगार होय." वाक्य चांगलं होतं. छापून आलं त्या दिवशी त्यांनी ते सात माणसांना वाचून दाखवलं होतं.

"मग आज तुम्ही कोण?" वकिलानं विचारलं.

भाऊंनी पिंजऱ्याच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरलं. "साहेब, ते लिहिलं तवा मला वाटायचं, माणूस कोर्टात येऊन फितूर व्हतो. मी पाच वर्षांआधी हॉटेलातच झाल्तो. आज तर नुसतं सांगून राह्यलो."

मॅडमनी लिहिणं थांबवून विचारलं, अशा न पाहता किती सह्या केल्यात. भाऊंना वाटलं होतं, आता सुटलो. पण प्रश्न आला तशी त्या सगळ्या दुपारी डोळ्यांपुढं आल्या, चहाचे पेले, जमादाराचं हसणं, राजानंदचा फडका. अकरा, असं त्यांनी सांगितलं. बाकीच्या दहांपैकी कुणी मोटारसायकलचा होता, कुणी शेळ्यांचा, एक बाई होती. नावं त्यांना आठवेनात. पहिल्या ओळीतल्या आपल्या नावापुढं त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. देशात न्याय का मिळत नाही यावर त्यांनी एकोणीस पत्रं लिहिली होती आणि या दहांपैकी एकाचं नाव त्यांना सांगता येत नव्हतं.

टायपिस्टनं जबानीची पानं काढली. कारकुनानं ती भाऊंपुढं ठेवली आणि खालच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं, इथं करा. मागच्या बाकावर रहिमुन्निसा आता भाऊंकडं बघत नव्हती. ती शेजारी बसलेल्या लेकाच्या तोंडाकडं बघत होती आणि तो मान खाली घालून रडत होता.

भाऊंनी खिशातलं पेन काढलं, पण टोपण उघडलं नाही. पान डोळ्यांजवळ धरून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

"बाबा, करा सही," कारकून म्हणाला. "पुढची केस उभी हाय."

"थांबा जरा," भाऊ म्हणाले. "वाचून राह्यलो."

पानं तीन होती, अक्षर बारीक होतं आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे ओळी हलत होत्या. बराच वेळ लागला. तोवर कोर्ट थांबून राहिलं.