पौषाचा अठ्ठाविसावा

हिरण्मयीने पातेलं शेगडीवरून उतरवलं आणि पदराने वारा घालत बसली. आटीव दूध निवायच्या आत खजुराचा नवा गूळ घातला की खीर नासलीच. भवतोषना मात्र दम नसायचा. दारातूनच ओरडायचे, "झाली का?" त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी दूध निवताना तिचे कान दाराकडेच असत.

बारा दिवसांपूर्वी, एक जानेवारीला, अख्खं कृष्णनगर अंगणात लोटलं होतं. कवी भवतोष लाहिडींची जयंती! भाषणं, हार, तसबिरीच्या कपाळावर चंदनाचे ठिपके. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी ठोकून दिलेली ती तारीख, आणि बंगालभर तिचाच उदोउदो. खरा जन्म बंगाली पंचांगातल्या पौषाच्या अठ्ठाविसाव्या दिवसाचा. सासू गेल्यावर हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. कविता साऱ्या जगाच्या झाल्या, पत्रं ग्रंथालयाने नेली. एवढा एक दिवस तेवढा तिचा होता, आणि तो ती जिवापाड जपत होती.

कडी वाजली. दारात सत्तरीची बाई, हातात निशिगंधाच्या चार काड्या.

"मी तरुलता नंदी. शांतिपूरला शिक्षिका होते."

"जयंती कधीच झाली हो. बारा दिवस उशीर केलात."

"नाही, वहिनी." बाईची मान खाली गेली. "आज अठ्ठाविसावा ना? दरवर्षी फुलं घरीच ठेवते. आता डोळे साथ देईनात. म्हटलं, दिसतंय तोवर एकदा इथे यावं."

हिरण्मयीने चौकट घट्ट धरली. शांतिपूरची साहित्यसभा; भवतोष महिन्याला एकदा जायचे. दर वेळी धोतराला इस्त्री तिने स्वतः करून दिली होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. अकरा वर्षं म्हणत होते मी, एकदा तरी त्या दिवशी या. नाही आले. म्हणायचे, त्या दिवशी घरी खीर असते."

हिरण्मयीला राग आला, चांगलाच आला. पण घरच्या भवतोषांविषयी कुणाशी तरी बोलायची जी भूक सभेतल्या टाळ्या ऐकून कधी भागली नव्हती, तीही त्या रागामागोमाग वर आली.

ती आत गेली. दूध निवलं होतं. तिने गूळ घातला, हलक्या हाताने ढवळला. दरवर्षी तसबिरीपुढे ठेवायची ती काशाची वाटी काठोकाठ भरली आणि बाहेर आणून तरुलतेपुढे ठेवली.

"बसा. ही त्यांची वाटी."

तरुलतेने चमचा उचलला आणि परत खाली ठेवला.

"खा हो," हिरण्मयी समोर बसत म्हणाली. "आणि सांगा आता, तुमच्याकडे काय खायचे?"