परतीचे सिग्नल

माझं परीक्षण वाचून लोक आगगाडीचे खेळ विकत घेत नाहीत, अशी माझी ख्याती आहे. संगणकावर गाडी चालवायचा मूळ खेळ एकदा घेतला की त्यावर नवनवे मार्ग जोडता येतात. असा एकेक मार्ग कोणीतरी वर्षभर घरात बसून, डोळे फोडून घेऊन बनवतं आणि मी तो दोन दिवसांत निकालात काढतो. रुळांखालचे स्लीपर मोजतो. फलाटावरच्या घड्याळाचा काटा हलतो का, ते बघतो. पाच तारे आजवर कोणाला दिलेले नाहीत. ते घरातच पडून आहेत. खऱ्या इंजिनात मात्र मी कधी पाय ठेवलेला नाही. चौतीस वर्षं गाडी चालवली ती माझ्या थोरल्या भावानं, आणि तो माझ्या उद्योगाला ‘खुर्चीतली ड्रायव्हरकी’ म्हणायचा.

म्हणायचा, कारण गेल्या आठ महिन्यांत तो काहीच म्हणालेला नव्हता. झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही. बाजू थोडीफार परत आली, वाचा नाही. वाचा-उपचाराच्या बाई आठवड्यातून दोनदा येऊन त्याला कप, चमचा, मांजर अशी चित्रं दाखवायच्या. मांजर विनातिकीट सापडलं असावं तसा दादा त्या चित्राकडे बघायचा. एके दिवशी बाईंनी वहिनीला बाहेर बोलावून सांगितलं, “वर्षाच्या आत जे परत येईल ते खरं. पुढे अवघड होत जातं.” वहिनीनं त्या दिवशी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून कपाटात ठेवलं.

अशातच मला दादाच्या मार्गाची आठवण झाली. नदीकाठानं डोंगरात चढणारा, एकेरी रुळांचा तो मार्ग केव्हाच उखडला गेला होता. कोण्या बाईनं जुन्या फोटोंवरून तो एकटीनं संगणकावर पुन्हा उभा केला होता, आणि मी महिन्यापूर्वीच त्याचं परीक्षण छापून मोकळा झालो होतो. दोन तारे. ‘इमारतींना मागची बाजू नाही. मार्ग एकाच दिशेनं जातो, परतीची सोय नाही. पण त्यावाचून कोणाचं काही अडणार नाही.’ दादाला तो दाखवावा, हे तेव्हा मला सुचलंसुद्धा नाही. चांगला परीक्षक घरच्यांचा विचार करत नाही.

त्या दिवशी वहिनीला बाजारात जायचं होतं, म्हणून मी संगणक दादाच्या खोलीत नेला आणि तो मार्ग लावला. पहिलं वळण गेलं, सिग्नल दिसला.

“हिरवा.”

मला वाटलं, शेजारच्यांचा टीव्ही. वळून बघितलं तर दादा लालबुंद झाला होता.

“हिरवा!”

मग डोक्यात प्रकाश पडला. इंजिनात ड्रायव्हर सिग्नलचा रंग मोठ्यानं सांगतो आणि सहायकानं तो तसाच परत म्हणायचा असतो. म्हटला नाही तर सिग्नल दोघांनी बघितलाच नाही, असं धरतात.

“हिरवा,” मी म्हणालो.

दादानं मान हलवली. असले मठ्ठ सहायक त्यानं पुष्कळ बघितले असावेत.

दारात वहिनी उभी होती. पिशवीतले बटाटे जमिनीवर घरंगळत होते आणि ती ते उचलत नव्हती. “भावजी,” ती हळूच म्हणाली, “थांबवू नका. काय वाट्टेल ते करा, पण थांबवू नका.”

मार्गावर एकेचाळीस सिग्नल होते. रोज तीन-चार घ्यायचे, गाडी तिथेच उभी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुढे न्यायची. हिरवा. पिवळा. लाल. सहाव्या दिवशी बोगद्याच्या तोंडाशी “शिट्टी!” नवव्या दिवशी उतारावर मी ब्रेक उशिरा लावला, तेव्हा “हळू, गाढवा!” एवढं लांब वाक्य ऐकून वहिनी आनंदानं रडली. वाचा-उपचाराच्या बाईंनी मांजराचं चित्र पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, “हेच चालू ठेवा. खंड पडू देऊ नका.”

बाराव्या दिवशी एकेचाळिसावा सिग्नल गेला आणि गाडी टोकाच्या स्टेशनात उभी राहिली. “पोचलो,” दादा म्हणाला. डाव्या हातानं त्यानं माझ्या परीक्षणाच्या वहीत गाडी पोचल्याची वेडीवाकडी सही केली. आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जास्त मी वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनात आणून उभी केली. दादानं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. त्याच्यापुढे मी बर्फातला मार्ग लावला, समुद्राकाठचा लावला, चौदा बोगद्यांचा लावला. तो खिडकीबाहेर बघत बसला.

“त्यांना नाही चालायचं ते,” वहिनी म्हणाली. “मार्ग शिकलो म्हणून सही केल्याशिवाय ड्रायव्हरनं त्यावर गाडी न्यायची नसते. यांनी एकाच मार्गाची सही केली होती.”

“पण तोच तर लावला आधी!”



चार दिवस गेले. एक शब्द नाही. दादानं खुणा करून कपाटातली ड्यूटीची काळी बॅग काढायला लावली आणि ती पोटाशी धरून बसला. बूट घातले ते काढीना. बूट घालूनच आडवा होई. बाईंनी मांजर पुन्हा बाहेर काढलं, आणि जाताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मागे चाललेत.”

पाचव्या दिवशी वहिनीनं त्याच्या बुटांची नाडी सोडायला हात घातला. त्यानं पाय ओढून घेतला. ती तशीच खाली बसून राहिली.

“भावजी,” ती म्हणाली, “हे घरी आलेच नाहीत अजून.”

“म्हणजे?”

“टोकाच्या स्टेशनात ड्रायव्हरांसाठी खोली होती. गाडी पोचली की तिथे असेच पडायचे. बूट घालून, बॅग जवळ घेऊन. परतीचं बोलावणं आल्याशिवाय उठायचं नाही.” मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, “तुम्ही नेलंत त्यांना तिकडे. तुम्हीच आणा परत.”

मार्ग बनवणाऱ्या बाईचा नंबर मिळवला आणि फोन लावला.

“कोण? ते स्लीपर मोजणारे काका?”

“तोच. तुमच्या त्या मार्गाला परतीची…”

“‘परतीची सोय नाही, पण त्यावाचून कोणाचं काही अडणार नाही.’ पाठ आहे मला.”

“माझं अडलंय,” मी म्हणालो.

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

“पाच तारे देतो.”

“राहू द्या घरातच.”

मग मी सगळं सांगितलं. बटाट्यांपासून बुटांपर्यंत. सांगताना ध्यानात आलं की मी खुर्चीतून उठून भिंतीला टेकून उभा आहे.

“काका, परतीचा मार्ग म्हणजे नुसती गाडी उलटी फिरवणं नसतं,” अखेर ती म्हणाली. “सगळे सिग्नल एकाच बाजूला तोंड करून उभे आहेत. घरांना मागच्या भिंती नाहीत. तुम्हीच लिहिलंय. नीट करायचं तर सहा महिने.”

“सहा महिने नाहीत आमच्याकडे.”

“मग मी काय करू?”

“माहीत नाही. भिंती राहू द्या. झाडं राहू द्या. आभाळसुद्धा नको. बाई, मी हात जोडतो. फोनवर दिसत नाही, पण जोडलेत.”

मग तिनं विचारलं, “त्यांना दिवसाला किती सिग्नल लागतात?”

“एक मिळाला तरी चालेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बनवलेला परतीच्या मार्गाचा पहिला तुकडा आला. मी वही घेऊन दादाच्या पलंगाशी गेलो आणि वहिनीनं शिकवलं होतं तसं म्हणालो, “ड्रायव्हरसाहेब, गाडी लागली.”

दादा उठून बसला. सही केली. बॅग घेतली.

पडद्यावर जे होतं, त्याला मी एरवी एकही तारा दिला नसता. स्टेशन म्हणजे मागून टेकू दिलेला पुठ्ठा. आभाळ करडं, कोरं. रूळ दोनशे मीटर जाऊन संपत होते, आणि पुढे काही म्हणजे काहीच नव्हतं. मधे एक सिग्नल. त्यावर तिनं पिवळा लावला होता.

दादा बघत राहिला. त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा हलले. वहिनीनं माझा दंड इतका घट्ट धरला की हात बधिर झाला.

“पि…”

दादानं बॅग पोटाशी घट्ट धरली.

“पिवळा.”

“पिवळा,” मी आणि वहिनी एकदमच म्हणालो.

दादानं हातानं खूण केली: हळू. मी गाडी हळूहळू नेली आणि रूळ संपतात तिथे उभी केली. त्यानं त्या कोऱ्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे. बूट काढले नाहीत. घर अजून चाळीस सिग्नल दूर होतं, आणि उद्याचा सिग्नल त्या बाईनं अजून बनवायचा होता.

वहिनी उठली. कपाटातलं कॅलेंडर काढून तिनं पुन्हा खिळ्याला टांगलं आणि बोट ठेवून दिवस मोजायला लागली.