कुलूपसरांचा अभ्यासक्रम भिंतीवर येतो

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. आकाराने एखाद्या जाडजूड शब्दकोशाएवढा. रंग एकेकाळी पांढराशुभ्र होता, आता चहात बुडवून काढल्यासारखा झाला आहे. पुढे भिंगाचा एक डोळा, मागे घरघरणारा पंखा आणि पोटात दिवा. संगणकातले चित्र मोठे करून भिंतीवर दाखवायचे, एवढेच माझे काम. पण या कामात मला जे पाहायला मिळाले, ते सांगितल्यावाचून मला आजही राहवत नाही. ऐका तर!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझे भिंग बसवले, समोरच्या भिंतीवर माझा पहिला उजेड पाडून पाहिला आणि शेजारणीला म्हणाली, "याची नजर चांगली आहे हं." त्या एका वाक्याच्या जोरावर मी खोक्यातला सगळा प्रवास आनंदात काढला.

खोके उघडले ते एका विद्यापीठात, भूगर्भशास्त्राच्या विभागात. तिथे दगड, खडक, डोंगर यांच्याबद्दल शिकवत. माझा ताबा ज्या सरांकडे आला, त्यांना मुले पाठीमागे कुलूपसर म्हणत. सरांच्या टेबलाच्या खणाला सदानकदा कुलूप असे आणि किल्ली शर्टाच्या खिशात. शिकवण्यात मात्र त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. खडकाचा कागदाहून पातळ काप करून सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो ते माझ्यातून भिंतीवर पाडत. बाहेरून काळाकुळकुळीत दिसणारा दगड आतून जांभळा, पोपटी, केशरी निघे. मुलांच्या तोंडून नकळत 'अहाहा' बाहेर पडे आणि सर माझ्या पाठीवर हलकेच थाप मारत. ते माझे वैभवाचे दिवस होते.

पुढे वर्गात भला मोठा डिजिटल फळा आला. मग मला कोण विचारतो? सामानाच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांखाली माझी रवानगी झाली. माझ्या भिंगावर कोळ्याने खुशाल संसार थाटला. शिपाईमामा झाडू घ्यायला येत तेव्हा मला विभागातल्या बातम्या कळत, तेवढाच विरंगुळा.

अशाच एका दिवशी बातमी कळली, की सरांचे आणि त्यांच्या पुतणीचे बिनसले आहे. ही पुतणी म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथपालबाई. काकांच्या कडेवर बसून दगड ओळखायला शिकलेल्या. घरी त्या सरांना काका म्हणत आणि विद्यापीठात न चुकता सर. भांडण होते अभ्यासक्रमावरून.

मित्रांनो, विद्यापीठात प्रत्येक शिक्षक आपल्या विषयाचा अभ्यासक्रम तयार करतो. कोणत्या आठवड्यात काय शिकवायचे, कोणती पुस्तके वाचायची, परीक्षा कशी घ्यायची, असा तो शिकवण्याचा नकाशाच असतो. तिथे हे नकाशे ज्याच्या त्याच्या वर्गापुरतेच राहत. बाहेरच्यांना विषयाचे नाव तेवढे कळे. नाव वाचून प्रवेश घ्यायचा आणि आत काय वाढून ठेवले आहे ते वर्गात बसल्यावर समजायचे! सारी झाकली मूठ. बाईंना वाटे, हे सगळे अभ्यासक्रम संकेतस्थळावर ठेवावेत, म्हणजे कोणालाही, कुठूनही वाचता येतील. त्यांनी ते पान तयारही केले होते. काही शिक्षकांनी आपले अभ्यासक्रम दिले. बाकीचे म्हणत, "कुलूपसर देतील त्या दिवशी आम्हीही देऊ." आणि सर काही देत नव्हते.

शेवटी शिक्षकांची सभा ठरली. विद्यापीठाच्या प्रमुखबाईंनी आधीच बजावले होते, की आज होकार मिळाला नाही तर हा विषय कायमचा बंद.

आणि सभेच्या ऐन तोंडावर तो चकचकीत डिजिटल फळा रुसला. काही केल्या चालू होईना. ग्रंथपालबाईंचे तोंड उतरले. तेवढ्यात शिपाईमामा म्हणाले, "आपला जुना आहे की. आणू का?"

तो जुना म्हणजे मी! खोलीचे दार उघडले, खुर्च्या बाजूला झाल्या, कोळ्याला बिऱ्हाड हलवावे लागले. बाईंनी रुमालाने माझे भिंग पुसले आणि वायर लावली. माझा पंखा घरघरला, धूळ उडाली, पहिल्या रांगेतले दोघे शिंकले आणि भिंतीवर उजेड पडला. पिवळसर होता, पण होता. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

बाईंनी पान दाखवायला सुरुवात केली. हा इतिहासाचा अभ्यासक्रम, हा गणिताचा. कुलूपसर उठून उभे राहिले. ते म्हणाले, "हे माझं आयुष्यभराचं काम आहे. उद्या कोणीही उचलेल आणि स्वतःच्या नावावर खपवेल. मग मी काय करायचं?"

"काका," बाई म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली. सभेत खसखस पिकली. "सर, पानावर सगळ्यात वर तुमचं नाव असेल. आज कोणी उचललं तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. उद्या उचललं तर जगाला दिसेल."

हे अनेकांना पटल्यासारखे दिसले. सर मात्र हाताची घडी घालून बसले. आता बाई पुढचे चित्र दाखवणार, तोच माझ्या पोटात 'फट्' असा आवाज झाला आणि दिवा गेला. भिंत कोरी पडली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मला झाले. एवढ्या वर्षांनी बोलावणे आले आणि मी ऐन वेळी दगा दिला.

बाई माझ्याशेजारच्या खुर्चीत बसल्या. दाखवायला काही उरले नव्हते. त्यांनी शांतपणे विचारले, "काका, तुम्ही नोकरीला लागलात, तेव्हा तुम्हाला अभ्यासक्रम कोणी दिला?"

या वेळी काका शब्दावर कोणी हसले नाही. सरांनी हाताची घडी सोडली. मग त्यांनी सांगितले. कोणीच दिला नव्हता. आधीच्या शिक्षकांनी आपले कागद घरी नेले होते. विचारायला गेलेल्या सरांना ते म्हणाले, आम्ही आमचं शोधलं, तुम्ही तुमचं शोधा. सरांनी हाती लागलेल्या एका पुस्तकावरून वर्षभर शिकवले आणि बाहेरच्या परीक्षकांनी काढलेल्या परीक्षेत भलतेच प्रश्न आले.

"मुलं नापास झाली," सर म्हणाले. "त्यांची काही चूक नव्हती. माझ्या वर्गात बसली, एवढीच चूक."

मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुतणीकडे पाहून म्हणाले, "माझा घे. पण आधी जरा नीट करू दे. त्यात शुद्धलेखनाच्या फार चुका आहेत."

मित्रांनो, त्या खोलीत असा हशा उसळला, की प्रमुखबाईंनी कोणाचा होकार आहे ते विचारले, तेही कुणाला नीट ऐकू गेले नाही. हात मात्र सगळ्यांचे वर झाले.

दिवा गेलेल्या प्रोजेक्टरची जागा भंगारात, हे मी जाणून होतो. पण दुसऱ्याच दिवशी सर मला घेऊन दुकाने पालथी घालायला निघाले. माझ्या जातीचा दिवा आता बनत नाही, असे जो तो सांगे. एका दुरुस्तीवाल्याने मात्र मिळताजुळता एक दिवा खटपट करून बसवला. मी पुन्हा उजळलो आणि माझी नेमणूक झाली थेट ग्रंथालयात! जे पान जगासाठी खुले झाले, ते मीच पहिल्यांदा भिंतीवर मोठे करून दाखवले. आपापली नावे वाचायला शिक्षक लहान मुलांसारखी गर्दी करत होते. इतिहासवाले गणिताचे वाचत होते, गणितवाले खडकांचे.

काही दिवसांनी सर हातात फोन घेऊन तरातरा ग्रंथालयात आले. म्हणाले, "हे भिंतीवर लाव. मला नीट वाचायचंय." दूरच्या एका लहानशा महाविद्यालयातल्या बाईंची ईमेल होती. त्या नुकत्याच शिकवायला लागल्या होत्या. त्यांनी लिहिले होते, "सर, तुमचा अभ्यासक्रम मिळाला आणि जिवात जीव आला. एक विचारू का? तुम्ही डोंगरावरची सहल शेवटी ठेवली आहे. मी ती पहिल्याच आठवड्यात नेली तर? मुलांनी आधी दगड हातात घ्यावा, नाव मग कळलं तरी चालेल, असं मला वाटतं."

सरांचे कान लाल झाले. "मला शिकवते ही?" ते म्हणाले. त्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली. मग पुतणीला म्हणाले, "अगं, बरोबर आहे की हिचं! इतकी वर्षं मला कसं सुचलं नाही? नंबर शोध तिचा."

त्या फोनवर दोघे इतका वेळ बोलले, की ग्रंथपालबाईंना सरांना ग्रंथालयातून बाहेर पाठवावे लागले. शांतता राखा ही पाटी सरांच्या डोक्यावरच होती! पानावरचा अभ्यासक्रम बदलला. पहिल्या आठवड्यात सहल आली आणि तिच्यापुढे त्या नव्या बाईंचे नाव सरांनी स्वतः लिहून घेतले.

नवे वर्ष सुरू झाले. सरांच्या पहिल्या तासाला मला वर्गात नेऊन ठेवले होते, पण कोणी चालूच केले नाही. वर्ग रिकामा होता. सगळी मुले डोंगरावर गेली होती. दूर दुसऱ्या गावातही एक वर्ग तसाच रिकामा असेल, असे मनात आले आणि बंद असूनही मी आतून उजळल्यासारखा झालो.

म्हणून सांगतो मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना अडगळीत टाकण्याआधी एकदा भिंग पुसून, वायर लावून पाहा. आणि पुढे काय शिकावे असा प्रश्न पडला, तर एखाद्या विद्यापीठाचे असे पान शोधा. डोंगरांचे, ताऱ्यांचे, आकड्यांचे, जे आवडेल त्याचे. वाचायला वयाची अट नाही आणि परवानगीही मागावी लागत नाही.