बासरीचं गाणं

दिवाळीला माहेरी आलेल्या ताराने लेकराला ओसरीवर सोडलं आणि पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, आपल्या कॅसेटी हायेत का?"

रेणुका हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. कपाटातल्या शालूखालून तिने कॅसेटींची पिशवी काढून नणंदेच्या हातात दिली.

ताराच्या लग्नाआधी, म्हणजे त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला, दर शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर 'सुपर दस' लागायचं. त्या आठवड्यातली दहा गाणी, शेवटून पहिल्या नंबरापर्यंत. आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरच्या त्या घरात तेव्हा नणंद-भावजय चुलीवरचा तवा उतरवून टीव्हीसमोर बसायच्या. सासू भागाबाई भाकरीसाठी ओरडायची आणि मग स्वतःच दारात उभी राहून पहिला नंबर कोणाचा ते पाहायची. रेणुकाचा नवरा अमृत याने व्हीसीआर आणल्यापासून दोघी प्रत्येक भाग भरून ठेवू लागल्या. कोणत्या गाण्यात कुठे ढोलकी येते, कुठे गाणारी बाई श्वास घेते, सगळं रेणुकाला पाठ होतं.

मग तारा लग्न होऊन मुधोळला गेली, कॅसेटी कपाटात गेल्या, आणि घर बदललं.

निदान रेणुकाला तसं वाटत होतं. गेल्या दोन वर्षांत घरातलं माणूस न् माणूस तिच्यावर खेकसायला लागलं होतं. अमृत मुळात इतका मवाळ बोलणारा, की लग्न झालं तेव्हा त्याचं ऐकायला पुढे वाकावं लागायचं. हमरस्त्यावर त्यांचं कापडाचं दुकान होतं. आता तो तिथे गिऱ्हाइकांसमोर तिच्या नावाने ओरडायचा. आणि तो न् त्याची आई तिच्यासमोरच कुजबुजत बसायचे. ओठ हलायचे, शब्द नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. कुजबुज कशाची असणार हे तिने आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. दुसरी आणायची बोलणी चाललीत. तिने विचारलं नाही. ताट वाढायची, झाकायची आणि गप्प राहायची.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ताराने पहिली कॅसेट लावली. पडद्यावर निवेदिका हात उडवत काहीतरी बोलली. मग दहाव्या नंबराचं गाणं आलं. ढोल वाजला. पण गाणाऱ्या बाईचा आवाज जणू गोधडीत गुंडाळलेला.

"टेप खराब झाली वाटते," रेणुका म्हणाली.

"कुठं? मस्त वाजून राह्यली."

दुसरी लावली. तिच्यात ते गाणं होतं, जे सात आठवडे पहिल्या नंबरावरून हललं नव्हतं. सुरुवातीला ढोलकी नाही, तबला नाही, नुसती बासरी. रेणुका सावरून बसली. पडद्यावर नायकाने बासरी ओठांना लावली, त्याची बोटं हलू लागली.

काहीच वाजलं नाही.

"आवाज वाढव."

ताराने वाढवला.

"अजून वाढव ना!"

तेवढ्यात रेणुकाचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे गेलं. भागाबाई दोन्ही कानांत बोटं घालून उभी होती.

"बिघडलं हे," रेणुका म्हणाली. "माणिकरावले बोलाव."

माणिकराव चौकात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. तो आला, व्हीसीआर उघडला, हेड साफ केलं, कॅसेट पुन्हा लावली आणि मान तिरकी करून ऐकत राहिला. मग स्क्रू आवळता आवळता, खाली पाहतच काहीतरी बोलला.

"काय म्हणले?"

"आवाज चोख हाय म्हणते," तारा तिच्या कानाशी येऊन म्हणाली. "बिघाड नाई."

रेणुकाचा संताप झाला. "काऊन खोटं बोलता? बासरी कुठं हाय मंग? तुमी सगळे मिळून मले येडं बनवून राह्यले का?"

पडद्यावर नायकाची बोटं हलत होती आणि ताराची मान त्याच तालावर हलत होती. सवयच होती तिला, आपोआप गुणगुणायची. रेणुकाने तिच्या गळ्यावर हात ठेवला. गळा थरथरत होता. बासरीची ती ओळ, वर जाऊन एक क्षण थांबणारी आणि मग घसरत खाली येणारी, तिच्या हाताखाली जशीच्या तशी चालली होती. थांबायची तिथे थांबली, घसरायची तिथे घसरली.

रेणुकाने हात काढून घेतला. ती टीव्हीकडे पाठ करून खाली बघत बसली.

किती वेळ गेला तिला कळलं नाही. मग दिसलं की माणिकराव तिच्याकडे नाही, तिच्या पाठीमागे पाहतोय आणि त्याचा चेहरा उतरलाय. ती वळली. मागे, हातभर अंतरावर तारा उभी होती. टीव्ही बंद केलेला. ताराचं तोंड हाक मारताना उघडतं तसं उघडं होतं आणि डोळे भरून आले होते.

"किती वेळ हाका मारून राह्यली तू?" रेणुकाने विचारलं.

ताराने पदराने डोळे पुसले.

अमृतला कोणीतरी दुकानातून बोलावून आणलं. तो धावतच आला. ताराने त्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो आधी बहिणीकडे आणि मग बायकोकडे नुसता पाहत राहिला.

"मले वाटलं, तू मुद्दाम उत्तर देत नाई," तो म्हणाला. रेणुकाच्या कपाळावरची आठी पाहून तो समोर येऊन बसला आणि तेच पुन्हा मोठ्याने म्हणाला. "दोन सालापासून वाटते मले. हाक मारतो, तू वळत नाई. काही विचारतो, तू उठून जाते. म्हणून ओरडायला लागलो. ओरडलं की बोलते, नाईतर नाई."

"मले वाटलं, तुमी दुसरी करून राह्यले."

"दुसरी काय?"

"बायको."

अमृतचा चेहरा एकदम पांढरा पडला. "कोण म्हणलं तुले?"

"कोणी कशाला म्हणावं? तुमी अन् आत्याबाई माह्यासमोर कुजबुजत बसता ना रोज."

"आमी कवा कुजबुजलो?" त्याला खरंच कळेना. त्याने आईकडे पाहिलं. "आमी तर बोलत होतो. शेतातल्या पऱ्हाटीचं, दुकानाचं, पाण्याचं. साधं बोलत होतो, रेणुका."

भागाबाई मटकन खाली बसली. "माय वं," ती म्हणाली, "अन् मी लोकायले सांगत फिरली, सून माजली म्हणून."

त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. माणिकराव पैसे न घेता कधी निघून गेला ते कोणाला कळलं नाही.

आदिलाबादच्या डॉक्टराने नागपूरला पाठवलं. तिथे काचेच्या खोलीत बसवून तपासलं. कानाची नस सुकत चालली होती. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं यंत्राने वापरता येईल, असं डॉक्टरीण बाईंनी कागदावर लिहून दाखवलं. बारीक, उंच आवाज आधी जातात, म्हणून शब्द अर्धे ऐकू येतात, असंही लिहिलं. परतीच्या बसमध्ये अमृतने ते दोनदा वाचलं आणि खिडकीकडे तोंड करून बसला. रेणुकाला त्याचे खांदे हलताना दिसले. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आदिलाबाद येईपर्यंत काढला नाही.

यंत्र लावलं तेव्हा आधी भीतीच वाटली. कापड कापणारी कात्री कानातच चालल्यासारखी. ट्रकचा हॉर्न आला की ती दचकून उभी राहायची. बासरी मात्र यंत्रातूनही आली नाही. तिने दोनदा लावून पाहिली, मग कॅसेट बाजूला ठेवली.

संक्रांतीच्या आधी दुकानात तामसी गावची एक बाई आली. मान खाली घालून गाठोडं सोडता सोडता काहीतरी मागत होती. अमृत सवयीने मोठ्याने सांगायला पुढे सरसावला. रेणुकाने हाताने त्याला थांबवलं.

"बाई," ती म्हणाली, "मले कमी आयकू येते. माह्या तोंडाकडं पाहून बोला."

बाईने मान वर केली. जरा गोंधळली. मग तिने प्रत्येक शब्द सुटा करून, हाताने मापही दाखवत, लेकीच्या परकरासाठी अडीच मीटर छापील कापड मागितलं. रेणुका ठाण काढायला उठली.