‘पाठवा’ दाबायच्या आधी

“अगं, पान पांढरं झालंच नाही!” मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. “मी काही दाबलंसुद्धा नाही, आणि ही वेळ गेली कुठे?”

खरंच गेली होती. पडद्यावर लेकीने बनवलेलं दातांच्या दवाखान्याचं पान होतं, त्यात मोकळ्या वेळा मांडल्या होत्या, आणि साडेचारची वेळ त्यांच्या डोळ्यांदेखत गडप झाली होती. बाकीचं पान जागच्या जागी, ढिम्म. भुताटकीच म्हणायची ही!

“मीच घेतली ती, इथून,” बाहेरच्या खोलीतून लेक ओरडली. “बाबा, गेलं वर्षभर जिकडेतिकडे हेच चाललंय. तुम्ही आत्ता बघताय होय?”

आता मास्तर म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हेत. वेबपानं बनवायचं हे दोन खोल्यांचं दुकान त्यांनीच थाटलेलं. पुढे लेक हाताशी आली आणि बघता बघता त्यांच्याही पुढे निघून गेली. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत, कारण साधा फॉर्मसुद्धा ते वर्गात शिकवल्यासारखा समजावत. रकाने भरा, ‘पाठवा’ दाबा, पान पांढरं होईल, घाबरू नका, नवं पान येईल. सगळी हयात त्या पांढऱ्या पानावर गेली, आणि आता म्हणे ते पानच नको!

लेक आत आली, टेबलाच्या कडेला टेकली. “सोपं आहे हो. पूर्वी एवढंसं काही हवं असलं तरी अख्खं पान बदलायला लागायचं. आता पान इथेच बसून राहतं आणि मागच्या मागे सर्व्हरशी बोलतं. लागेल तेवढाच तुकडा बदलतो.”

मास्तरांनी डोकं खाजवलं. “म्हणजे पाहुण्यांसमोर आपण गप्पा मारत बसायचं, आणि मागच्या दाराने कुणाला तरी साखर आणायला पिटाळायचं?”

“अगदी तस्सं!” लेक खूश झाली. “आता खालच्या चौकटीत काहीतरी लिहून बघा. पेशंट तिथे प्रश्न विचारणार, काउंटरवरची बाई उत्तर देणार. मी बाहेर बसते आणि ती बाई होते.”

मास्तरही खूश. आपल्याला कळलं, एवढं काही जुनाट झालो नाही आपण!

चौकट तपासायची मास्तरांची एक खोड होती. दुसरे लोक कखगघ बडवतात, मास्तर मनात असेल ते लिहीत. मेहुणा कसा हातोहात फसवतो, अमक्या गिऱ्हाइकाला कशी काडीची अक्कल नाही, सगळं त्या चौकटींत ओकून टाकायचं, अक्षरं नीट बसतायत का बघायचं आणि खोडायचं. ‘पाठवा’ दाबलं नाही तर काही कुठे जात नाही, हा पक्का भरवसा. पान तपासून व्हायचं आणि मनही हलकं व्हायचं.

आज मनात एकच गोष्ट होती. तीच त्यांनी लिहिली.

“उजव्या डोळ्याने दिसेनासं झालंय. डॉक्टर म्हणाले, स्कूटरला हात लावायचा नाही. काल ठकीला शाळेतून आणताना उजवीकडून ट्रक आला तो मला दिसलाच नाही. हँडल कसं वळलं देव जाणे. पोर मागे बसून खिदळत होती, तिला वाटलं आजोबा गंमत करतायत. घरी सांगितलं तर शाळेची फेरी बंद होईल. मग दिवसभरात मला राहिलं काय?”

ठकी म्हणजे लेकीची लेक. वाटभर आजोबांच्या कानाशी तिची टकळी चालायची, आणि त्या टकळीवर मास्तरांचा दिवस निघायचा. त्यांनी मजकूर वाचला. जोडाक्षरं झकास उमटत होती. मग शेवटच्या अक्षरापर्यंत खोडून टाकला, घड्याळ बघितलं आणि खणातून स्कूटरची चावी काढली. शाळा सुटायची वेळ होत आली होती.

“चौकट बरी आहे गं!” त्यांनी हाक दिली.

तोच पडद्यावर, चौकटीखाली, आपोआप अक्षरं उमटू लागली.

“बाबा तुम्हाला लाज”

थांबली. एकेक करून पुसली गेली. पुन्हा आली. “ठकी मागे बसली होती आणि तुम्ही” तीही पुसली गेली.

मास्तर बघतच राहिले. हिने ‘पाठवा’ कुठे दाबलंय? दाबलं नाही, तरी मला दिसतंय. खोडलेलंही दिसतंय. मग मी मघाशी जे... मागच्या दाराने साखर आणायला गेलेला माणूस जाताना घरातलं सगळं बाहेर सांगत जातो का, हे त्यांनी विचारलंच नव्हतं!

ते कसेबसे दारापर्यंत गेले. लेकीचे हात कीबोर्डवर तसेच अधांतरी होते. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

“हे तुला... मी लिहीत असतानाच दिसतं?”

“हो. दोन्हीकडचं दिसतं. काउंटरवरच्या बाईला उत्तर आधीच शोधून ठेवता यावं म्हणून मी घातलंय ते. लोक लिहून खोडतातसुद्धा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“मग ते बटण कशाला ठेवलंस?”

“सवय असते ना लोकांना!” ती एकदम किंचाळली. “बटणाचं काय घेऊन बसलात? काल ट्रक अंगावर येता येता राहिला, आणि आज सकाळी परत तिला मागे बसवून नेलंत? बाबा, आज परत?”

हातातली चावी मास्तरांनी लेकीसमोर ठेवली आणि भिंतीला धरत धरत आत येऊन बसले. जन्मात कधी असलं काही तोंडाने बोलता आलं नव्हतं, ते आज काय येणार? त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला.

“हो. आज सकाळीही नेलं. तिला काही झालं असतं तर मी तुला कुठल्या तोंडाने भेटलो असतो? चुकलो. तिला आता तू आण. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या सांगितल्यात, एकट्याने जायची हिंमत होत नाही. येशील?”

शेवटचा शब्द लिहून होण्याआधीच बाहेर हुंदका ऐकू आला. या वेळी त्यांनी एक अक्षर खोडलं नाही. ‘पाठवा’ चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात होतं, मान पुरती वळवून ते शोधावं लागलं. दाबायची गरज नव्हती, तिने सगळं वाचलंच होतं. तरी त्यांनी दाबलं.